लहानपणीच्या वाचनवेडातून लेखनाकडे: हात कसा बसवावा

लहानपणी पुस्तकात डोके खुपसून बसणाऱ्या मुलांपैकी अनेकांना पुढे केव्हातरी आपणही लिहावे असे वाटू लागते, आणि त्यांतले बहुतेक जण पहिल्या दोन-तीन प्रयत्नांतच थांबतात. हे थांबणे मी जवळून पाहिले आहे आणि स्वतःही अनुभवले आहे. प्रतिभा कमी पडली असे त्यांना वाटते. मला मात्र कारण वेगळे दिसते. वर्षानुवर्षांच्या वाचनाने त्यांचा कान तयार झालेला असतो. जमलेले वाक्य कोणते आणि फसलेले कोणते हे त्या कानाला तत्काळ कळते. हात मात्र अजून बसलेला नसतो. अशा तयार कानाने आपल्याच नवशिक्या हाताचे काम ऐकले की लाज वाटते, आणि माणूस वही मिटून ठेवतो. म्हणून हा हात कसा बसवावा आणि त्यासाठी आयुष्यभराच्या वाचनाचाच उपयोग कसा करून घ्यावा, एवढेच येथे सांगायचे आहे. साहित्य फार लागत नाही: एक जाड वही, एक पेन्सिल आणि दिवसातला अर्धा तास.

जुने पुस्तक पुन्हा उघडा

पहिले काम लिहिण्याचे नाहीच. लहानपणी ज्या पुस्तकाने तुम्हाला झपाटले होते असे एखादे पुस्तक मिळवा, पण ते लगेच उघडू नका. त्यातला जो प्रसंग सर्वांत ठसठशीत आठवतो, तो आधी निव्वळ आठवणीतून कागदावर उतरवा. जागा कशी होती, उजेड कुठून येत होता, कोण कुठे उभे होते आणि काय बोलले, हे सारे जितके आठवेल तितके लिहा. पाऊण पान सहज भरेल. त्यानंतर पुस्तक उघडून तो प्रसंग शोधा आणि दोन्ही मजकूर शेजारी शेजारी ठेवा.

मी हा प्रयोग केला तेव्हा थक्क झाले. एका साहसकथेतली गुहा मला इतकी स्पष्ट आठवत होती, की तिच्या भिंतींवरचा ओलावा, आत शिरताना लागणारी बुटकी कमान आणि कोपऱ्यात पडलेले कुजके दोरखंड हे सारे मी एका दमात लिहून काढले. पुस्तकात गुहेविषयी दोनच वाक्ये निघाली. एका वाक्यात आत शिरताना मुलाने डोक्यावर हात धरला होता, आणि दुसऱ्यात त्याने मारलेली हाक उशिरा परत आली होती. ओलावा, कमान आणि दोरखंड हे माझे होते. लेखकाने एक हात आणि एक प्रतिध्वनी दिला होता. त्यांवरून छताची उंची आणि गुहेची खोली माझी मी ठरवली होती, आणि इतकी वर्षे ते सारे लेखकाने लिहिलेलेच आहे असे धरून चालले होते.

हा अनुभव प्रत्येकाने स्वतः घ्यावा असे मी आग्रहाने सांगते, कारण वर्णन म्हणजे विशेषणांची रास हा समज याने मुळापासून हलतो. वाचक किती काम स्वतःहून करतो आणि त्यासाठी त्याच्या हाती नेमके काय द्यावे लागते, हे दुसऱ्या कोणी सांगून तितकेसे कळत नाही.

मूल वाचते ते पुढे काय होते या ओढीने. शेवट ठाऊक असलेल्या पुस्तकात ती ओढ उरत नाही, आणि म्हणूनच लक्ष दुसरीकडे वळू शकते. ते सारे पुस्तक आता पेन्सिल हातात घेऊन वाचा आणि तीन प्रकारच्या जागांवर खूण करा: पान कधी उलटले हे कळलेही नाही अशी जागा, डोळे दोन ओळी गाळून पुढे गेले अशी जागा, आणि वाचता वाचता तुम्ही आपणहून थबकलात अशी जागा. नंतर प्रत्येक खुणेपाशी परत या आणि लेखकाने तेथे नेमके काय केले आहे ते समासात चार शब्दांत लिहा. वाक्ये आखूड केली आहेत काय? संवाद अचानक तोडला आहे काय? वाचकाला हवी असलेली एखादी माहिती जाणूनबुजून मागे ठेवली आहे काय? गाळलेल्या जागांकडेही तितक्याच आस्थेने पाहा. आपण ज्या ठिकाणी गाळतो, नेमके तेच प्रकार आपल्या लेखनात येऊ नयेत म्हणून ही यादी पुढे फार उपयोगी पडते.

वहीत काय उतरवावे

फ्रेंच निबंधकार मोंतेन्य, ज्याच्या निबंधांचे पहिले दोन खंड १५८० मध्ये छापले गेले, त्याची स्मरणशक्ती त्याच्याच म्हणण्यानुसार फार कच्ची होती. एकदा वाचून संपवलेले पुस्तक आपण पुन्हा नवे म्हणून हाती घेतो हे लक्षात आल्यावर तो पुस्तकाच्या शेवटी ते वाचून पूर्ण केल्याची तारीख आणि आपले एकंदर मत लिहून ठेवू लागला. वाचनाच्या वहीची सुरुवात इतकी साधी असली तरी चालते. पुस्तकाचे नाव, तारीख आणि चार-पाच ओळींचे प्रामाणिक मत पुरे. कथानकाचा सारांश लिहू नका. तो पुस्तकात आहेच.

याखेरीज प्रत्येक पुस्तकातले निदान एक वाक्य स्वतःच्या हाताने उतरवून घ्या. हाताने म्हणण्याचे कारण असे, की डोळा ज्या वेगाने वाचतो त्या वेगाने हात लिहू शकत नाही, आणि या मंदगतीमुळे स्वल्पविराम कुठे आहे, कर्ता कुठे लपला आहे, क्रियापद किती लांबवले आहे हे आपोआप ध्यानात येते. उतरवलेल्या वाक्यातला एखादा शब्द झाका आणि उरलेले वाक्य मोठ्याने म्हणा. काही बिघडले असेल, तर काय बिघडले ते खाली एका ओळीत लिहा.

कोणते वाक्य निवडावे, याबाबत मात्र माझे मत ठाम आहे. बहुतेक वाचक सुविचारासारखी, चमकदार, भिंतीवर लावता येतील अशी वाक्ये जमवतात. मीही कित्येक वर्षे तेच केले, आणि त्या वह्यांचा लिहिताना मला काडीचाही उपयोग झाला नाही. जमवावीत ती कामकरी वाक्ये. पात्राला दारापासून खिडकीपर्यंत कसे नेले, मधली तीन वर्षे एका वाक्यात कशी सरकवली, दोघांच्या भांडणात तिसरा माणूस खोलीत आहे याची आठवण वाचकाला कशी करून दिली, एखाद्या माणसाचे वय न सांगता कसे कळवले: अशी वाक्ये शोधा. वाचताना ती नजरेत भरत नाहीत, आणि लिहायला बसल्यावर नेमकी तीच येत नाहीत. माझ्या वहीत ‘काळ पुढे नेणारी वाक्ये’ आणि ‘माणसांना हलवणारी वाक्ये’ अशी दोन वेगळी पाने आहेत, आणि अडले की मी अजूनही तीच उघडते.

एक खबरदारी अवश्य घ्या. उतरवलेल्या प्रत्येक वाक्याला अवतरणचिन्हे घाला आणि लेखकाचे नाव व पृष्ठांक लिहा. पाच वर्षांनी वही चाळताना स्वतःचे वाक्य कोणते आणि दुसऱ्याचे कोणते हे अक्षर पाहून सांगता येत नाही, आणि नकळत झालेली उचलसुद्धा उचलच असते.

फ्रँकलिनचा अभ्यास

गद्य लिहिण्याचा हात बसवण्यासाठी मला माहीत असलेला सर्वांत परिणामकारक अभ्यास अमेरिकन मुत्सद्दी आणि लेखक बेंजामिन फ्रँकलिन याने आपल्या आत्मचरित्रात सांगितला आहे. तो १७०६ मध्ये जन्मला आणि बाराव्या वर्षी थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारीला लागला. वाचनाचे वेड असे, की पुस्तकविक्रेत्यांकडे काम करणाऱ्या मुलांकडून तो संध्याकाळी पुस्तक उसने घेई, रात्रीतून वाचून काढी आणि त्याची उणीव भासू नये म्हणून सकाळीच परत करी. एका मित्राशी त्याचा पत्रांतून वाद चालला होता. ती पत्रे वडिलांच्या हाती पडली तेव्हा त्यांनी सांगितले, की शुद्धलेखन आणि विरामचिन्हे यांत तू सरस आहेस, परंतु मांडणी, स्पष्टता आणि शब्दांची सफाई यांत तुझा मित्र पुढे आहे. मुलाने ते मनावर घेतले.

त्याने आवडत्या नियतकालिकातले काही निबंध निवडले, प्रत्येक वाक्यातल्या विचाराची अगदी त्रोटक टिपणे काढली आणि ती काही दिवस बाजूला ठेवली. नंतर मूळ निबंध न पाहता, टिपणांवरून तोच निबंध स्वतःच्या शब्दांत पूर्ण लिहिला, मुळाशी ताडून पाहिला आणि आपल्या चुका दुरुस्त केल्या. आपला शब्दसंग्रह अपुरा आहे हे लक्षात आल्यावर त्याने काही मजकुराचे पद्यात रूपांतर केले, आणि मूळ गद्य विसरल्यावर त्या पद्याचे पुन्हा गद्य केले. कधी तो टिपणांची सरमिसळ करून ठेवी आणि काही आठवड्यांनी त्यांचा योग्य क्रम लावण्याचा प्रयत्न करी. विचारांची मांडणी शिकण्यासाठी त्याने काढलेली ही युक्ती होती. हे सारे काम संपल्यावर रात्री, काम सुरू होण्यापूर्वी पहाटे किंवा रविवारी चाले.

आजही हा अभ्यास जसाच्या तसा करता येतो. दीडशे ते दोनशे शब्दांचा एक परिच्छेद घ्या. त्याहून मोठा घेतलात तर कंटाळा येईल. प्रत्येक वाक्यासाठी दोन-तीन शब्दांपेक्षा अधिक टिपण काढू नका, नाहीतर मूळ वाक्यच पाठ होऊन बसेल. कागद चार दिवस दूर ठेवा, पाचव्या दिवशी परिच्छेद पुन्हा लिहा आणि मग मुळाशी ताडून पाहा. शब्द जुळले नाहीत याची खंत नको. मुळात सहा वाक्ये असताना माझी दहा का झाली, लेखकाने कारण शेवटी सांगितले असताना मी ते आधीच का सांगून टाकले, एकाच नामाला मी दोन विशेषणे का लावली, असे प्रश्न विचारत जा. कधीकधी तुमचे वाक्य मुळापेक्षा बरे उतरेल. फ्रँकलिनलाही अधूनमधून तसे वाटले होते आणि त्यानेच त्याला धीर आला.

मराठीत हा अभ्यास करताना एक दोष हमखास वर येतो. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, आणि त्यामुळे बेसावध लेखकाची सारी वाक्ये एकाच नादावर आपटतात. माझ्या जुन्या वहीतल्या या ओळी पाहा: ‘खोलीत अंधार होता. खिडकी बंद होती. टेबलावर एक पत्र पडलेले होते. ते कोणी उघडलेले नव्हते.’ व्याकरणाची चूक एकही नाही, तरी मोठ्याने वाचले की लाकूडतोड ऐकल्यासारखे वाटते. पुढे मी ते असे केले: ‘खिडकी बंद, खोलीत अंधार. टेबलावरचे पत्र कोणी उघडलेसुद्धा नव्हते.’ पहिल्या दोन वाक्यांना क्रियापदाची गरजच नव्हती. ‘एक पत्र’ मधला ‘एक’ गळाल्यावर पत्र आधीपासून तेथे असल्यासारखे वाटू लागले, आणि उरलेल्या एकमेव ‘नव्हते’ला वजन आले. चांगल्या मराठी गद्याचा कोणताही परिच्छेद घेऊन त्यातल्या वाक्यांची फक्त शेवटची अक्षरे खाली एका रांगेत लिहून पाहा; जाणता लेखक हा एकसुरीपणा किती परींनी मोडतो ते दिसेल.

येथेच आणखी एक गोष्ट सांगून टाकते. लिहायचे मराठीत आणि वाचन मात्र जवळजवळ सारे इंग्रजीत, अशी पुष्कळांची स्थिती असते. इंग्रजी वाचन जरूर करावे. परंतु कान ज्या भाषेत तयार होतो तिचीच चाल हातात उतरते, आणि मग ‘ती एक प्रेमळ बाई होती’, ‘त्याच्याद्वारे हे केले गेले’ अशी परक्या सांध्यांची वाक्ये मराठी म्हणून लिहिली जातात. ज्या भाषेत लिहायचे तिच्यातले निदान निम्मे वाचन ठेवावे, आणि त्यात जुन्या पिढ्यांचे गद्य, पत्रे, आठवणी आणि बोलीतले लेखनही असावे.

अनुकरणाला भिऊ नका

सुरुवातीला तुमचे लेखन आवडत्या लेखकासारखे वाटेल. वाटू द्या. पुढे इंग्रजी कादंबरीकार म्हणून गाजलेल्या तिघी ब्राँटे बहिणी आणि त्यांचा भाऊ यांची हकिकत या बाबतीत मला फार धीर देते. १८२६ मध्ये वडिलांनी मुलासाठी लाकडी शिपायांची पेटी आणली. चौघा भावंडांनी त्या शिपायांना नावे दिली, त्यांची राज्ये वसवली, आणि पुढे त्यांच्याच मापाची, तळहातात लपतील एवढी चिमुकली पुस्तके हाताने तयार केली. अक्षर छापल्यासारखे दिसावे म्हणून ती बारीक छापील वळणाने लिहीत. घरी येणाऱ्या मासिकाची नक्कल करून त्यांनी स्वतःचे मासिकही काढले, त्यात अगदी जाहिरातीसुद्धा घातल्या. तिघी बहिणींच्या पहिल्या कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या त्या १८४७ मध्ये, म्हणजे शिपायांच्या पेटीनंतर २१ वर्षांनी. मधल्या काळातली हजारो पाने नक्कल, खेळ आणि सराव यांत गेली होती.

तुम्ही एवढे करा: एकच साधा विषय घ्या, उदाहरणार्थ कोणाची तरी वाट पाहणे, आणि तो एकेक पानात तीन वेगवेगळ्या लेखकांच्या धाटणीत लिहा. ही पाने कोणाला दाखवण्यासाठी नाहीत. तिसऱ्या पानापर्यंत तुमच्या लक्षात येईल, की काही गोष्टी कोणत्याही धाटणीत तशाच राहिल्या. कदाचित तिन्ही पानांत तुम्ही आवाजांकडे अधिक लक्ष दिले असेल, किंवा तिन्हींत कोणीतरी बोलायचे टाळले असेल. त्या गोष्टी वहीत टिपून ठेवा. स्वतःची शैली शोधायला यापेक्षा वेगळा खटाटोप करावा लागत नाही.

(घरात वाचणारे मूल असेल, तर त्याला कोऱ्या कागदांची, दोऱ्याने शिवलेली छोटी वही करून द्या आणि त्यात काय लिहिले आहे ते विचारू नका. त्याला दाखवावेसे वाटले की ते दाखवेल. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका काढण्याऐवजी पुढे काय होणार आहे ते विचारा.)

वेळ कसा राखावा

अँथनी ट्रॉलप हा इंग्रज कादंबरीकार टपालखात्यात नोकरीला होता आणि तरीही त्याने ४७ कादंबऱ्या लिहिल्या. त्याच्या निधनानंतर १८८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्याने आपली पद्धत सांगितली आहे: पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचे, समोर घड्याळ ठेवायचे आणि दर पंधरा मिनिटांना २५० शब्द लिहायचे. हा आकडा वाचून लोक दचकतात आणि मूळ मुद्दा निसटतो. तो पहिला अर्धा तास नवे काही लिहीतच नसे. आदल्या दिवशी लिहिलेले वाचून काढी आणि शब्दांचा नाद कानाने तोलून पाही. म्हणजे त्याचा लिहिण्याचा दिवस वाचनाने सुरू होई, आणि ते वाचन स्वतःच्या मजकुराचे असे. वाचनाची सवय असलेल्या माणसाला हे सहज जमण्यासारखे आहे.

अर्धा तास असेल तर पहिली सात-आठ मिनिटे कालचे वाचण्यात घालवा आणि उरलेल्या वेळात पुढचे लिहा. दिवसाला २०० शब्द, आठवड्यातून पाच दिवस, वर्षातून ५० आठवडे, असा हिशेब केला तर ५०,००० शब्द होतात, आणि तेवढ्यात एक आटोपशीर कादंबरी बसते. सुरुवात मात्र कादंबरीने करू नका. एक पानाची आठवण, न पाठवलेले पत्र, एका माणसाचे शब्दचित्र, असे पुरे होऊ शकेल ते घ्या, कारण शेवटपर्यंत जाण्याचीही सवय लागावी लागते. त्या दिवशी थांबताना पुढचे वाक्य काय येणार हे ठाऊक असताना थांबा. दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानाची भीती वाटत नाही.

वाचकाला असलेला खरा धोका वेगळाच आहे. लिहायला बसायच्या वेळी ‘आधी या विषयावर आणखी थोडे वाचून घेऊ’ असे त्याला वाटते, आणि ते इतके सात्त्विक वाटते की त्यात टाळाटाळ आहे हे उमगतही नाही. माझी तीन वर्षे अशी गेली. म्हणून नियम असा ठेवा, की त्या ठरलेल्या अर्ध्या तासात दुसऱ्या कोणाचेही पुस्तक उघडायचे नाही, मग पानावर एकच ओळ उतरली तरी हरकत नाही. उरलेल्या वेळात हवे तेवढे वाचा, आणि त्यातले काही वाचन वही-पेन्सिलीशिवाय, लहानपणासारखे पालथे पडून, केवळ पुढे काय होते या ओढीने करा. ते सुटले तर ज्या गोडीसाठी हा सारा खटाटोप चालला आहे तीच हरवते.

खर्डा दुरुस्त करणे

पहिला खर्डा वाईटच असतो आणि तो पुरा करावा. तो पंधरा दिवस दृष्टीआड ठेवा, म्हणजे परत हाती घेताना तो दुसऱ्याने लिहिल्यासारखा वाचता येतो. मग मोठ्याने वाचा. जेथे जीभ अडखळते तेथे खूण करा, आणि जेथे लहानपणीच्या तुम्ही दोन ओळी गाळल्या असत्या तेथे दुसरी खूण करा. ते मूल निर्दयी वाचक होते. कंटाळा आला की पुस्तक मिटत असे. या वेळी त्याचेच ऐकावे.

दुरुस्ती म्हणजे काय, हे एका वाक्यावर दाखवते. माझ्या एका आठवणीच्या पहिल्या खर्ड्यात असे होते: ‘आजीच्या निधनाने माझ्या बालमनावर खोल परिणाम झाला आणि घरात सर्वत्र दुःखाचे वातावरण पसरले.’ हे वाक्य खरे होते, आणि तरी त्यात पाहण्यासारखे काहीच नव्हते. ‘बालमन’, ‘खोल परिणाम’ आणि ‘दुःखाचे वातावरण’ हे तिन्ही शब्दप्रयोग तयार मिळाले होते. माझी आजी त्यांत कुठेच नव्हती. मी स्वतःला विचारले, की त्या दिवसांत मी प्रत्यक्ष काय पाहिले होते? उत्तर आले, तिचा चष्मा. दुसरा खर्डा असा झाला: ‘आजी गेल्यानंतरही तिचा चष्मा उशाशी तसाच ठेवलेला होता आणि तिच्या आठवणीने व्याकूळ होऊन कोणीतरी तो रोज पुसून ठेवत होते.’ आता वस्तू दिसली, परंतु ती दिसताक्षणी मीच पुढे होऊन तिचा अर्थ सांगून टाकला होता. व्याकूळ कोण झाले, हे मला लहानपणी कळलेही नव्हते. तिसऱ्या वेळी मी लिहिले: ‘आजी गेल्यावरही तिचा चष्मा उशाशीच होता. काचांवर धूळ नव्हती.’

येथे थांबता आले ते त्या गुहेमुळे. काचा कोण पुसत असेल, केव्हा पुसत असेल, हे वाचक स्वतः शोधतो. प्रत्येक वाक्याला तीन खर्डे लागतात असे नाही, पण भावनेचे नाव घेणारा शब्द आला की थांबून, त्या वेळी डोळ्यांना काय दिसले होते किंवा कानांना काय ऐकू आले होते, हे विचारण्याची सवय लावून घ्यावी.

पहिला वाचक आणि संपादक

पहिला वाचक असा निवडा, की जो भरपूर वाचतो आणि तुम्हाला दुखवायला फारसा भीत नाही. त्याला ‘कसे वाटले?’ असे विचारू नका. प्रेमाची माणसे त्यावर ‘छान’ म्हणतात. कुठे थांबलात, कुठे परत मागे जाऊन वाचावे लागले, कोणते पात्र लक्षात राहिले नाही, हे विचारा. उत्तर मिळाल्यावर तुम्हाला काय म्हणायचे होते ते समजावून सांगू नका. पानावर जे उतरले नाही ते तोंडी भरून काढता येत नाही. वाचकाने दाखवलेली जागा बहुधा बरोबर असते, त्याने सुचवलेला उपाय मात्र घ्यायलाच हवा असे नाही.

स्वतःच्या नावाने पुढे येण्याचा संकोच वाटत असेल, तर पुन्हा फ्रँकलिनकडे पाहा. भाऊ आपले लेखन छापणार नाही अशी खात्री असल्यामुळे १७२२ मध्ये, सोळाव्या वर्षी, त्याने अक्षर बदलून एका विधवेच्या नावाने पत्र लिहिले आणि रात्री छापखान्याच्या दाराखालून आत सरकवले. ते छापले गेले आणि पाठोपाठ आणखी तेरा पत्रे प्रसिद्ध झाली. टोपणनाव घ्यायला काहीच हरकत नाही. फक्त संपादकाला खरे नाव आणि पत्ता कळवलेला असावा.

पाठवण्यापूर्वी त्या नियतकालिकाचे निदान तीन अंक पूर्ण वाचा. आपल्या लेखनाला तेथे जागा आहे की नाही हे त्यावरूनच ठरते, आणि न वाचता पाठवलेले लेखन संपादकाला पहिल्या परिच्छेदात ओळखू येते. शब्दमर्यादा पाळा, स्वतःकडे प्रत ठेवा आणि एकच लेखन एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवू नका. वहीच्या शेवटच्या पानावर काय, कुठे, कोणत्या तारखेला पाठवले याची नोंद करा. लेखन साभार परत येईल. माझी पहिली कथा तीन ठिकाणांहून परत आली, आणि एका संपादकांनी समासात पेन्सिलीने एवढेच लिहिले होते, की गोष्ट चौथ्या पानावर सुरू होते. मी पहिली तीन पाने काढून टाकली, त्यांतले अत्यावश्यक असे एक वाक्य पुढे नेले, आणि चौथ्या ठिकाणी ती घेतली गेली. परत आलेले लेखन आठवडाभर न उघडता ठेवा, मग एकदा मोठ्याने वाचा, जीभ अडखळेल तेवढेच दुरुस्त करा आणि यादीतल्या पुढच्या ठिकाणी पाठवून द्या. उत्तर येईपर्यंत दुसरे लेखन सुरू झालेले असावे.